सासऱ्यांच्या होडीला मी केलेलं पॉलिश

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझी ओळख ‘गाडी पुसणारे काका’ अशी आहे. गाडी चालवणारे नव्हे. गाडी बाहेर काढली की पार्किंगची जागा जाते, आणि गेलेली जागा परत मिळवायला अंगात जे लागतं ते माझ्यात नाही. म्हणून आमची गाडी सहा दिवस झाकलेली असते आणि सातव्या दिवशी मी कव्हर काढून तिला पॉलिश करतो. बायकोचं म्हणणं, एवढा हात तू लग्नानंतर माझ्या डोक्यावरूनसुद्धा फिरवला नाहीस. पन्नाशी उलटलेल्या माणसाने अशा बोलण्याला उत्तर देऊ नये, एवढं मी शिकलोय.

बायको वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील अजून धंद्याला जातात, म्हणजे मासेमारीला. फायबरची लहान होडी आहे, मागे मशीन लावलेली. मी कोकणातला असलो तरी गिरणीकामगाराचा मुलगा, समुद्राशी माझा संबंध ताटापुरता. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण त्या होडीत मला कधी कोणी बसवलं नव्हतं. मी विचारलं की सासरे म्हणायचे, “जावय, तू खा. मी आनतो.”

या वर्षी मासेमारी बंद असताना होडी किनाऱ्यावर फळ्यांवर चढवून ठेवली होती. रविवारी जेवून मी सहज तिथवर गेलो आणि बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. होडी मूळची पांढरी, कडेला निळा पट्टा; पण आता ती जुन्या बाथरूमच्या बादलीसारखी दिसत होती.

मी सासऱ्यांना म्हटलं, “मामा, हिचं ऑक्सिडेशन झालंय.”

सासरे घाबरले. “हिला काय झालाय?”

“काही नाही बाबा,” बायको म्हणाली, “उन्हाने फिकी पडलीय. हा गाडीला पॉलिश लावतो ना, म्हणून याला असं बोलता येतं.”

मी लगेच जाहीर केलं की नारळी पौर्णिमेपर्यंत होडी नव्यासारखी करून देतो. सासऱ्यांनी नको म्हटलं नाही, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. खरं म्हणजे त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांना वेगळीच काळजी होती.

गेल्या हंगामात त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. वय बहात्तर. मेव्हणा अंधेरीत ऑफिसला जातो, होडीवर जात नाही. त्याला वाटायचं बाबांनी आता घरी बसावं, होडीवर माणूस ठेवावा. सासरे ऐकेनात. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. त्यांनी आयुष्यभर बाजारात टोपली घेऊन बसून भांडणं मिटवली आहेत आणि लावलीही आहेत, त्यामुळे त्यांच्या निकालावर अपील नसतं.

“पुनवेच्या आदल्या दिवशी सगल्यांसमोर होडीत चढायचा. कोनाचा हात नाय धरायचा. चढला तर जा धंद्याला. नाय चढला तर मानूस ठेवू. मंग परत हट्ट करायचा नाय.”

सासरे म्हणाले, “मना होडीत चढायला शिकवते.” पण अट मान्य केली.

मी मात्र पॉलिशच्या तयारीला लागलो. जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून व्हिडिओ पाहिला. त्यातला गोरा माणूस आपल्या गॅरेजमध्ये उभा राहून अतिशय सावकाश बोलत होता. त्याच्या आसपास कुठेही माशाचा वास येत नसावा, असा त्याचा चेहरा. मी त्याला दुप्पट वेगाने ऐकलं आणि शेवटची दहा मिनिटं सोडून दिली, कारण वॅक्स लावून झालं होतं आणि आता हा नुसता बोलतोय असं वाटलं.

तीन रविवार मी त्या होडीवर घातले. आधी साबणाने धुतली. मग ओला पॉलिश पेपर घासला. मग रबिंग कंपाउंड लावून बफिंग मशीन फिरवलं. त्याची वायर सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायची, म्हणून मिक्सर लागला की माझं मशीन काढलं जायचं. वाटण झाल्याशिवाय होडी चमकायची नाही. शेवटी वॅक्स, हाताने, लहान लहान गोल फिरवत, सुकलं की मऊ फडक्याने पुसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या.

“जावय होडीचा फेशियल करतंय,” एक म्हणाली.

सासूबाईंनी लेकीला विचारलं, “घरी भांडी पन अशीच घासतो?”

“घरी चहाचा कप उचलत नाही, आई.”

पण होडी चमकली हो. खोटं सांगत नाही. तिच्यात मागचं आभाळ दिसायचं, आणि जरा वाकलं तर माझं पोट. मेव्हणा म्हणाला, “भावोजी, झकास.” त्याने तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला. सासऱ्यांनी सगळी फेरी मारली, दोनदा थांबले, आणि म्हणाले, “मासे घाबरतील.” तेवीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी रात्री बायकोला त्याचा अर्थ दोनदा विचारला.

त्या कौतुकाने माझं डोकं फिरलं असावं. शेवटच्या रविवारी डब्याच्या तळाला वॅक्स उरलं होतं. आमच्या घरात तळाचं काही टाकत नाहीत. आई तुपाच्या बरणीत गरम भात कालवायची. मी त्या वॅक्सचं काय करावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि होडीचा काठ तेवढा कोरा दिसला. जावयाने काम केलं आणि काठ तसाच ठेवला, असं व्हायला नको. काठाला लावलं. तरी उरलं, म्हणून आतल्या तळाला लावलं. मोठ्या समाधानाने डबा रिकामा करून घरी आलो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे किनाऱ्यावर जमले. सासूबाईंनी होडीच्या पुढच्या टोकाला हळद लावली. ती ओघळून खाली आली. परत लावली, परत ओघळली.

“टिकत नाय,” त्या म्हणाल्या.

मी अभिमानाने पुढे झालो. “मामी, तेच तर काम आहे त्याचं. त्याच्यावर पाणी टिकत नाही.”

“पानी नाय, हलद हाय ती,” त्या म्हणाल्या. शहाण्या माणसाला यातून काहीतरी कळलं असतं.

मग सासरे पुढे आले. होडीचा काठ त्यांच्या कमरेच्या जरा वर येतो. दोन्ही तळवे काठावर, एक पाय खालच्या फळीवर, अंग उचलायचं आणि दुसरा पाय आत टाकायचा. हे त्यांनी हजारो वेळा केलं असेल. त्यांनी अंग उचललं, तळवे सटकले, आणि ते ओल्या वाळूत बसले.

कोणी हसलं नाही. ते उठले, हात लुंगीला पुसले आणि परत चढले. या वेळी पाय आतल्या तळाला टेकलासुद्धा, पण टेकताक्षणी पुढे गेला, आणि ते काठाला लोंबकळत बाहेर आले.

“बस आता,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मेव्हणा हळू म्हणाला, “बाबा, मी माणसाला फोन करतो.”

सासरे आपल्या तळव्यांकडे पाहत होते. जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मी काठाला हात लावून पाहिला. माझा हात थेट पलीकडे गेला, भिंतीवरून मांजर जावं तसा. मला सगळं कळलं. आणि तेवढं कळल्यावर मी काय केलं, तर म्हणालो, “मामा, वाळू ओली आहे ना, त्यामुळे.”

घरी येऊन जेवायला बसलो. सासूबाईंनी तळलेले बोंबील वाढले. सासरे भात चिवडून उठले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. बायको माझ्याकडे पाहत होती.

“तू दुसऱ्यांदा बोंबील मागितला नाहीस,” ती म्हणाली. “काय केलंयस?”

तिला मागच्या दारी नेऊन सांगितलं. तिने माझा मोबाइल घेतला, तो व्हिडिओ काढला आणि शेवटची दहा मिनिटं लावली. गोरा माणूस डबा हातात धरून, मान हलवत, फार कळकळीने सांगत होता की जिथे माणूस पाय ठेवतो किंवा हाताने धरतो तिथे हे कधीही लावू नका. दुप्पट वेगाने ऐकल्यावर ते कदाचित कमी वाईट वाटलं असतं.

“सांग त्यांना,” ती म्हणाली.

“पौर्णिमा झाली की शांतपणे सांगतो.”

“पौर्णिमा झाली की होडीवर दुसरा माणूस असेल. मग कोणाला सांगणार, त्या होडीला?”

मी ओसरीवर गेलो. सासूबाई होत्या, मेव्हणा होता, त्याचा फोन हातात होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उरलेलं वॅक्स, काठ, तळ, आईची तुपाची बरणी. बरणीची गरज नव्हती, पण घाबरलो की मी तपशील देतो.

 मग सासरे वळले.

“म्हंजे माझा हात नाय सुटला?”

“नाही मामा.”

“पाय पन नाय?”

“तो पण मीच.”

मेव्हणा म्हणाला, “भावोजी, यार, तुम्ही ना.” सासूबाईंनी त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे पाहिलं. वास येणारा पापलेट ताजा म्हणून विकणाऱ्याकडे त्या जशा पाहतात, तसं.

“घास,” त्या म्हणाल्या.

घासलं. भर दुपारी नारळाची सोडणं घेतली, साबण घेतला, ओली वाळू घेतली, आणि तीन रविवारांपैकी एका रविवारचं काम स्वतःच्या हाताने खरवडून काढलं. सासरे बाजूला बसून बोटाने जागा दाखवायचे. “हिथं अजून चकाकतंय.” मी घासायचो. त्यांचा चेहरा मात्र खुलत होता, हे मी वाकून काम करतानाही पाहिलं. रविवारच्या त्या बायका परत आल्या. “फेशियल पुसतंय काय?” एकीने विचारलं. “पुसतोय,” मी म्हणालो.

काठ आणि तळ खरखरीत, मळकट पांढरे झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाईंनी सगळ्यांना परत बोलावलं. सासऱ्यांनी तळवे काठावर ठेवले, क्षणभर थांबले. माझा हात आपोआप पुढे गेला तशी बायकोने मागून शर्ट धरला. त्यांनी अंग उचललं. गुडघा कटकन वाजला, सगळ्यांनी ऐकलं. पाय आत पडला आणि तिथेच राहिला. ते आत उभे राहिले, एकदा इकडे, एकदा तिकडे झुकून पाहिलं, मग सासूबाईंकडे.

“चढला,” त्या म्हणाल्या, आणि वळून घरी चालायला लागल्या. वळताना त्यांनी पदर तोंडाशी नेला. वारा होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मेव्हण्याने फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी नारळ वाहून झाल्यावर होड्या एक फेरी मारायला निघाल्या. सासरे मशीनपाशी उभे होते. मी किनाऱ्यावर फडकं घेऊन. सवयीने आणलं होतं.

“जावय,” ते म्हणाले, “ये.”

तेवीस वर्षांनी. मी पाण्यात उतरलो, दोन्ही तळवे काठावर ठेवले, अंग उचललं. उचललं गेलं नाही. परत उचललं. काठ तर आता चांगला खरखरीत होता, मीच केला होता. पाठीमागून बायकोचा आवाज आला, “अरे, आता काय सांगणार, वाळू ओली आहे?”

सासऱ्यांनी वाकून माझं मनगट धरलं आणि ओढून आत घेतलं.

“आईनं सांगितलंय, हात धरायचा नाय,” मेव्हणा किनाऱ्यावरून ओरडला.

“ते माझ्यासाठी,” सासरे म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.