होकाराचं शेपूट

मी आज सिंगापुरात आहे तो वाघमारे साहेबांमुळे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना धीर सुटेल. दीड महिन्यापूर्वी रविवारी डॉर्मिटरीच्या जिन्यात साहेबांच्या घरून वहिनींचा फोन आला. "तानाजी, साहेब गेले रे…" दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बून ले ते पासिर रिस, साहेबांच्या घरापर्यंत, मेट्रोने शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी उभ्यानेच गेलो. जागा होती, पण बसवेना.

आमच्या यार्डात समुद्रातून तेल काढायच्या रिग बनतात. मी इथे आलो त्या वर्षी तेलाचा भाव चढला होता, टेक्सासच्या एका कंपनीची रिग आमच्याकडे आली. मी आठवीत शाळा सोडून साखर कारखान्यात वेल्डिंग शिकलेला; इंग्रजी ऐकलं की मी मान खाली घालायचो. साहेब यार्डाचे क्वालिटी इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. रिगच्या पायाचं पोलाद वेल्डिंगआधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर जोड दिसायला चांगला आणि दोन दिवसांनी आतून तडकलेला. मी तापवलं होतं. टेक्सासहून आलेल्या इन्स्पेक्टरने इंग्रजीत तेच विचारलं, तापवलंस का? घाबरल्यावर तोंडात आपलीच भाषा येते. मी म्हणालो, "हो ना." त्याला शेवटचं 'ना' तेवढं ऐकू आलं… त्याच्या कानाला ते 'नाह', म्हणजे 'नो'. त्याने जोडावर लाल फुली मारली. फोरमन इथल्या लकबीत म्हणाला, वर्क परमिट कॅन्सल, लाह, बॅग भरून ठेव.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. काय बोललास ते जसंच्या तसं सांग म्हणाले. सांगितलं तर आधी हसलेच. मग त्या उंच इन्स्पेक्टरसमोर जाऊन त्याला समजावू लागले की आमच्या भाषेत होकाराला शेपूट असतं, तुम्ही नुसतं शेपूट ऐकलंत. तो मानेना. तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "दोन दिवसांनी जोड तपासा. तडा निघाला तर रिपोर्टमध्ये याच्या आधी माझं नाव लिहा."

ते दोन दिवस मला कामावर घेतलं नाही. बारा पलंगांच्या खोलीत मी एकटा. आईला फोन करायला कार्ड आणलं, हातात धरून बसलो, नंबर काही लावला नाही. काय सांगणार होतो? तिसऱ्या दिवशी जोड तपासला, स्वच्छ निघाला. "तानाजीराव, शेपूट कापा आता," साहेब म्हणाले. पुढे महिनाभर, मी कितीही उंच चढलेला असलो तरी, खालून विचारायचे, कापलं का? मी वरून 'येस' म्हणायचो. यार्डात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आता नाहीच.

त्यांच्या ब्लॉकखाली, इमारतीच्या तळाच्या मोकळ्या जागेत, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, मग इंजिनिअर, बँकेतले लोक एकेक करून उठून बोलले. वहिनी माझ्याकडे वळल्या. "तू बोल की दोन शब्द. तुझ्याबद्दल घरी फार बोलायचे." मी नाही म्हणून मान हलवली आणि बसून राहिलो. माझ्यासाठी ज्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं, त्यांच्यासाठी मला उभंसुद्धा राहता आलं नाही.

म्हणून हे लिहितोय. लिहायला उभं राहावं लागत नाही. परवा वहिनींकडे गेलो तर दाराशी साहेबांचे सेफ्टी शूज तसेच होते, घाईत लेस न सोडता काढलेले. वहिनींनी ते हलवलेले नाहीत, मीही ओलांडून आत गेलो. साहेब, पुढच्या वर्षी तुमच्या स्मृतिदिनाला मी त्याच ब्लॉकखाली, त्याच मोठ्या माणसांसमोर उभा राहीन. शब्द चुकले तरी तुमच्यासाठी बोलेन.