अण्णा माउंटवाले

गिऱ्हाइकाचा फोटो अण्णा दोन बोटांच्या चिमटीत धरत, मेलेलं झुरळ बाहेर टाकायला निघाल्यासारखे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "हा कोणी काढला? आणि तो अजून मोकळा फिरतो?" फोटो बहुतेक वेळा मीच काढलेला असे. पनवेलच्या बाजारात माझा स्टुडिओ त्यांच्या फ्रेमच्या दुकानाला लागूनच होता. एवढा प्रेमळ शेजार नशिबात असावा लागतो. आता ते नाहीत, म्हणून बिनधास्त लिहितोय.

फ्रेम ठोकणं म्हणजे त्यांच्या मते नुसतं सुतारकाम. खरी विद्या माउंटची. माउंट म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा, मधोमध खिडकी कापलेला. ती खिडकी अण्णा मागच्या बाजूने कापत, खाली रद्दी पुठ्ठा घालून, स्टीलची पट्टी दाबून, एका दमात. त्या वेळी दुकानात कोणी शिंकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. "दुसऱ्यांदा पातं फिरवलं की कडेला लव सुटते. अर्धी दाढी करून आलेल्या नवरदेवासारखी!" कोपऱ्यात केसभर काप जास्त गेला तरी पुठ्ठा टराटरा फाडत. ब्लेड तर दर माउंटला नवं. "शर्टसुद्धा इतक्यांदा बदलत नाहीत," असं त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणत, आणि काकूंना उलट बोलायची अण्णांची छाती नव्हती.

फोटोला मात्र कात्री लावायची नाही, हा दुसरा हेका. लग्नाच्या ग्रुपमधून नावडते व्याही कापून द्या म्हणणाऱ्याला एकदा त्यांनी सुनावलं होतं, "खिडकी लहान करतो. व्याही मागे अंधारात बसू देत."

नव्वदीच्या सुरुवातीला मोरा बंदरावरची एक कोळीण आली. सुकी मासळी घेऊन बाजारात बसायची. हातात हळदीतला ग्रुप फोटो. टोकाला तिचा मुलगा, त्याच्या खांद्यावर शेजारी उभ्या दिराचा हात. मुलगा दिराच्या होडीवर गेला होता. दीर परत आला, मुलगा नाही. त्याचा एवढाच फोटो होता.

"माजा पोऱ्या तेवरा ठेवा," ती म्हणाली. "बाकी सगली कापा. त्यो हात तर पयला."

आता आरडाओरडा होणार म्हणून मी पुढे सरकलो. पण अण्णा हळू आवाजात म्हणाले, "कापत नाही, बाई. झाकतो. पण हात झाकायचा तर पोराचा खांदाही जाईल."

"जाऊ दे."

गेला. काप नेहमीसारखाच स्वच्छ, पण त्या एका खांद्याच्या मुलाकडे बघवेना. फ्रेम देताना अण्णा गुरगुरले, "मागे फोटो आख्खा आहे. खिडकी मोठी हवीशी वाटली तर इथेच या. दुसऱ्याकडे जाऊन वाटोळं करून घेऊ नका." सांत्वनाची त्यांची पद्धत ही अशी!

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती फ्रेम पदराखाली घेऊन आली.

"दीर होडी काढीत नाय. वरीस झाला. पोरं उपाशी हायत त्याची," ती म्हणाली. "त्यो हात दिसू द्या."

दीर रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीशी मान खाली घालून उभा होता. अण्णांनी काही न विचारता नवा पुठ्ठा घेतला, मोठी खिडकी कापली, फोटो बसवला, आणि रस्त्याकडे बघून खेकसले, "ओ! तिकडे काय खांबासारखे उभे? आत या. हात तुमचाच आहे ना, बघून घ्या. मागाहून तक्रार चालणार नाही."

तो आला. त्याने काचेवर, त्या हाताशी बोट टेकवलं.

"मी सोडला नाय त्याला, वयनी," तो म्हणाला. "सुटला."

"ठावं हाय मना," ती म्हणाली. "उद्या होडी काढ."

अण्णा काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. काय हरवलं म्हणून विचारलं, तर नाक ओढत माझ्यावरच ओरडले, "तुझं काय काम आहे रे इथे? स्टुडिओ बंद पडलाय का?"