वडूज ते तासगाव, उलटं

मी शाळेची पायरी कधी चढलो न्हाई, तरी रोज सकाळी एका माणसाची परीक्षा घेतो. त्यो एसटीचा रिटायर कंडक्टर. आमच्या बेदाण्याच्या शेडवर रोज चालत येतो. डाव्या हातानं दात घासतो, या वयात पेटी वाजवायला शिकतो. म्हणतो, "डोस्कं गंजू द्यायचं न्हाई, गड्या. नुसत्या गोळीनं भागत न्हाई. चालायचं, नीट झोपायचं, चार माणसांत बसायचं."

मग तासगाव-वडूज गाडीचं समदं थांबं वडूजपास्नं उलटं म्हणून दावतो. मी "बरोबर" म्हणतो आन मला दोन भिजवलेलं अक्रोड मिळत्यात. माझं ध्यान थांब्यांवर कवाच नसतं, अक्रोडावर असतं.

परवा मायणीवरनं त्यो एकदम आळसंदला आला. मधलं विटाच गायब! माझी सासुरवाडी विट्याची, म्हणून मला कळलं. तरी सवयीनं म्हणलो, "बरोबर."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आन अक्रोडाची पुडी मिटली.

"घरात बी समदी बरोबरच म्हणत्यात रं. म्हणून तर तुझ्याकडं येतो."

"आवं काका, विटा राहिलं," मी पुटपुटलो.

त्यानं डोळं मिटलं. "वडूज, मायणी, विटा," असं हळू म्हणला आन अक्रोड माझ्या हातावर ठेवलं.

इसरला का मुद्दाम सोडलं, मला अजून कळंना. कंडक्टरच त्यो, फुकट्याला पकडायची जुनी सवय. पण दुसऱ्या दिवशी त्यो "मायणी" म्हणला, तवा श्वास माझाच अडकला.