मडमेच्या बंगल्यातली शाळा

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी मळवलीजवळच्या एका गावात मास्तर होतो. शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. मी पाढा सांगायला लागलो की नेमका कुणीतरी येऊन घंटा बडवायचा आणि बारा साते चौऱ्याऐंशी देवाला पावते व्हायचे. त्याचं मला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते पायऱ्यांखालच्या चार पोरांचं. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली; त्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी, म्हणून ती उन्हात बसत. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन बसत, पाटीवरची अक्षरं धुऊन जात, आणि आषाढ सरेपर्यंत चारांतली तीन यायची बंद होत. उरायची ती येसकराची मुलगी. येसकर म्हणजे गावची रात्रीची राखण करणारा. मुलगी हुशार वगैरे नव्हती, चिवट होती. तिला छपराखाली बसवायचं, असं माझ्या मनानं घेतलं.

गावाबाहेर एक जुना बंगला ओस पडला होता. रेल्वे यायच्या आधी घाटानं घोडागाड्या जात, तेव्हा साहेबलोकांच्या मुक्कामासाठी तो बांधलेला. आगगाडी आली आणि मुक्काम संपले. तिथं तापानं गेलेली एक मडम अमावास्येला फिरते, तिच्या रेशमी झग्याची सळसळ ऐकू येते, असं सगळं गाव सांगे. ऐकलेलं सगळ्यांनी, पाहिलेलं एकानंही नाही. तिनं गावात येऊ नये म्हणून दर अमावास्येला तिन्हीसांजेच्या सुमारास बंगल्याच्या उंबऱ्यावर उतारा ठेवत: दहीभात, नारळ आणि लिंबू. सकाळी भात गायब, नारळाची नुसती करवंटी. मडम जेवली म्हणून गाव निर्धास्त. लिंबाला मात्र ती शिवत नसे. विलायतेत लिंबू खात नसावेत, असं पाटलांचं मत होतं.

मी पाटलांना म्हटलं, बंगला शाळेला द्या.

"मास्तर, तुमी एक आवस काढा तितं," पाटील म्हणाले. "जित्तं आलात तर बंगला शाळंचा."

साक्षीला कुणी यायला तयार होईना. कुणाची गाय व्यायला झालेली, कुणाचं पोट अचानक दुखू लागलेलं. शेवटी पाटलांनी येसकराला हुकूम सोडला. रात्रीची राखण त्याच्याकडेच, तेव्हा भुताचीही त्याच्याकडेच.

अमावास्येला आम्ही दोघं जाऊन बसलो. म्हणजे मी आत, आणि तो सवयीनं उंबऱ्याबाहेर, उताऱ्याशेजारी घोंगडी टाकून. मी त्याला आत बोलावलं. तो घुटमळला, मग आत येऊन भिंतीला टेकून बसला आणि हसला.

"मडमंला इटाळ न्हाई, मास्तर."

भुतांवर माझा विश्वास नव्हता, तरी कंदिलात तेल पुरेसं आहे की नाही ते मी दोनदा बघून घेतलं होतं. वटवाघळांच्या घाणीनं डोकं उठलं होतं आणि फुटक्या तावदानांतून वारा शिरत होता. मी भाकरी काढली, अर्धी त्याला दिली. खाता खाता त्यानं विचारलं, "पोरगी हितं बसंल व्हय?"

"बसेल."

"भिताडाला टेकून?"

"भिंतीला टेकून, नाहीतर अगदी माझ्या पुढ्यात."

त्यानं त्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मंग मडम आलीच तर तिच्याकडं मी बगतो."

ती आली. बाहेर सळसळ झाली, थांबली, पुन्हा झाली. येसकरानं काठी उचलली. मी कंदिलाची वात मोठी केली. उंबऱ्यावर एक भलंमोठं साळिंदर नारळ कुरतडत बसलं होतं. ते हललं की पाठीवरचे काटे एकमेकांवर घासत आणि झगा सळसळे. उजेड दिसताच ते फुगलं, काटे खडखडवत अंधारात पळालं. मडमेला लांब ठेवायला म्हणून गाव जे वाढत होतं, तेच खायला ते दर अमावास्येला न चुकता येत होतं. आम्ही हसून हसून बेजार झालो. इतका मोकळा मी त्या गावात पुन्हा कधी हसलो नाही.

सकाळी मी उंबऱ्याशी गळालेले दोन काटे पाटलांपुढं ठेवले. गावभर हशा पिकला. पाटील शब्दाचे पक्के; त्यांनी लगेच माणसं लावली. वटवाघळांची घाण येसकराच्या वस्तीनं उपसली. कौलं बसली, भिंतींना चुना लागला. मग पाटील म्हणाले, इतक्या वर्षांची जागा, शुद्ध करून घेऊ. गोमूत्र शिंपडलं, तळेगावहून भटजी आले, सत्यनारायण झाला. केळीचे खांब मीच हौसेनं बांधले. शिराही झकास झाला होता.

शाळेच्या पहिल्या दिवशी येसकराची मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकून बसली. बाप अंगणात उभा राहून बघत होता. पाटील नारळ फोडायला आले. त्यांची नजर तिच्यावर गेली.

"मास्तर, पूजा झाल्याली जागा हाय ही. त्या पोरांस्नी वऱ्हांडा हाय की. ऊन न्हाई, पाऊस न्हाई."

सर्व मुलांना एकत्र बसवावं, असा सरकारी हुकूम होता. तो मी म्हणून दाखवला. पाटील जराही चिडले नाहीत.

"हुकूम सरकारचा, पोरं गावची. समदी घरी घिऊन जातो. मंग शिकवा भिताडांस्नी."

ते ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. शाळा बंद पडली असती तर तिला वऱ्हांडाही राहिला नसता, हे मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हेही पाटलांना ठाऊक होतं.

"भाईर ये, बाय," येसकरानं अंगणातून हाक मारली. आवाज रोजच्यासारखाच होता. मुलीनं पाटी उचलली, परकर झटकला आणि ती उंबरा ओलांडून वऱ्हांड्यात जाऊन बसली.

मी हजेरी घ्यायला घेतली. आतली नावं संपली, मग तिचं नाव घेतलं.

"हजर," बाहेरून मोठ्यांदा आवाज आला.