मुद्दाम पडकं

आमच्या मामंजींनी आयुष्यात एकाही इमारतीला चांगलं म्हटलं नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. साताऱ्याला पी.डब्ल्यू.डी.त तीस वर्षं ओव्हरसियर होते आणि रिटायर झाल्यावरही ओव्हरसियरच राहिले. लंडनच्या विमानतळावर उतरले तेव्हा तीन वर्षांनी मुलगा दिसत होता. हे वाकून नमस्कार करत होते आणि मामंजी ह्यांच्या डोक्यावरून छताकडे बघत म्हणाले, "ओल येतेय." कार्डिफच्या आमच्या घरात शिरले तेही प्रत्येक भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतच. बॅग उघडली तर आत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि एक पितळी ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो! लोक सुनेला साडी आणतात. मी मेतकूट तेवढं उचललं आणि ओळंबा हॉलमधल्या खुंटीला टांगला.

आमच्या घरामागे टेकडीवर जंगल होतं. पूर्वी ती कुणा लॉर्डची बाग, आता कौन्सिलची. तासाभराची गोल वाट होती आणि वाटेत लॉर्डच्या पणजोबांनी हौसेने बांधलेल्या चार-दोन बिनकामाच्या वास्तू. त्यांना इथे फॉली म्हणतात.

"फॉली म्हणजे मूर्खपणा ना?" मामंजींनी विचारलं.

"हो."

"मग नाव तरी खरं ठेवलंय म्हणायचं."

एक ग्रीक देऊळ होतं, त्याला पुढे चार खांब आणि मागे काहीच नाही. पुढे एक गुहा. तिच्यात लॉर्डसाहेबांनी एका माणसाला दाढी वाढवून बसायला नोकरीवर ठेवलं होतं म्हणे, पाहुण्यांना दाखवायला. "पगारी बैरागी!" मामंजी हसून हसून खोकायला लागले. "पेन्शन होती का रे त्याला?" हा प्रश्न त्यांनी ह्यांना दर रविवारी विचारला.

पण त्यांचा खरा राग होता कमानीवर. वाट तिच्या खालूनच जायची. वर अर्धवट भिंत, ढासळलेले कोपरे, त्यावर वेली. पाटीवर लिहिलं होतं की ही कमान बांधतानाच पडकी बांधलेली आहे, जुनी दिसावी म्हणून. मी मराठीत सांगितलं तर त्यांना पटेना. "मुद्दाम पडकं? अगं, आमचा जन्म गेला पडक्यांना टेकू लावण्यात. आणि ह्यांनी नवंकोरं पडकं बांधलं?" माझं आणि मामंजींचं ज्यात पूर्ण एकमत झालं अशी ती एकच गोष्ट. इंग्रजांना रिकामा वेळ फार होता, दुसरं काय!

त्या वाटेवर कौन्सिलचे बाण होते. सगळे लोक बाणांप्रमाणे जायचे, मामंजी उलटे. "प्रदक्षिणा उजवीच घालायची. देव नाही म्हणून काय झालं, डावी घालायची?" कानटोपी, मफलर, ह्यांचा जुना ओव्हरकोट, हातात काठी, अशी ती स्वारी समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबून "गुड मॉर्निंग" करायची. मी लाजेने वीस पावलं मागे राहायचे. तीन वर्षांत त्या वस्तीतल्या चार जणांशी मी बोलले नव्हते. मामंजींना महिनाभरात सगळ्यांच्या कुत्र्यांची नावं पाठ झाली.

एके दिवशी त्यांनी खुंटीवरचा ओळंबा काढून नेला. जेवायच्या वेळी परत आले आणि ताटावर बसता बसता म्हणाले, "कमान पडायला आलीय." मी म्हटलं, "मामंजी, ती पडकीच आहे." तर म्हणाले, "पडकं वेगळं, पडायला आलेलं वेगळं. पडकं म्हणजे पडून झालं. ही अजून पडायचीय." मग ह्यांच्या हॉस्पिटलातल्या काचेच्या स्लाइड्स आणि थोडं प्लास्टर मागून घेतलं आणि कमानीच्या भेगांवर त्या काचा आडव्या चिकटवून आले. भिंत सरकली की काच तडकते. पंधरा दिवसांत चारातल्या तीन तडकल्या.

"कौन्सिलला पत्र लिही," मला म्हणाले. त्यांचा हात थरथरायचा, सहीसुद्धा धड यायची नाही. "लिही, कमान पडायला आलेली आहे. डावा खांब अडीच इंच ओळंब्याबाहेर. तीन काचा तडकल्या. लोकांना खालून जाऊ देऊ नये." मी कांदा परतत होते, लेकीला, शुभाला, शाळेतून आणायची वेळ झाली होती आणि डोकं आधीच तापलेलं. गॅस बारीक करून दोन ओळी खरडल्या: द आर्च इन द वुड्स इज इन अ रुइन्ड कंडिशन. काइंडली डू द नीडफुल. अडीच इंच कोण वाचतंय! त्यांच्या नावाने पाकीट बंद केलं आणि टाकलं पोस्टात. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई. मामंजींचं इंग्रजी म्हणजे सिमेंट, कल्व्हर्ट आणि गुड मॉर्निंग, अशी माझी समजूत.

उत्तर मात्र लगेच आलं, गोड गोड. कमान दोनशे वर्षं रुइन्डच, म्हणजे पडकीच, आहे, तीच तिची शोभा, आपण आस्था दाखवलीत त्याबद्दल आभार. मामंजींनी ते हॉलमध्ये उभ्या उभ्या दोनदा वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं.

"रुइन्ड," एवढंच म्हणाले. "बरं."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला कळलं नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी रोज दहा ते एक कमानीपाशी उभे. कुणी आलं की काठी आडवी धरायची आणि बाजूच्या गवतातून जायला सांगायचं. "नॉट धिस साइड, प्लीज. फॉलिंग, फॉलिंग!" लोक बिचारे सभ्य. त्यांना वाटे, म्हाताऱ्याचा उच्चार चुकतोय. मिसेस प्रॉसर म्हणून एक बाई होत्या, कुत्रा घेऊन यायच्या. त्यांनी माझ्यासमोर मामंजींचा दंड थोपटून समजावलं, "नॉट फॉलिंग, लव्ह. फॉली." मामंजी म्हणाले, "येस मॅडम. फॉली इज फॉलिंग." त्या हसल्या, त्यांचा मान राखायला गवतातून गेल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

लोकांना वळवून वळवून गवतात एक नवी वाटच पडली. मग पार्ककीपर घरी आला. त्याच्या हातात पाकीट, पाकिटात ह्यांच्या हॉस्पिटलच्या स्लाइड्स. ऐतिहासिक वास्तूला कुणी काही चिकटवू नये आणि वाट अडवू नये, असं अगदी अदबीने सांगून गेला. त्या अदबीनेच मी पेटले. हे घरी आल्यावर म्हटलं, "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तुमच्या वडिलांनी. आता ते तरी राहतील नाही तर मी तरी." मामंजी पलीकडच्या खोलीत शुभाला पाढे शिकवत होते. पाढे थांबले. मग, "हं, बारा साते?" असं ऐकू आलं.

हे भांडणाला भितात. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं. 'इकडची हवा मानवत नाही' असं साताऱ्याला कळवायचं ठरलं. मामंजींनी आपली बॅग आपणच भरली. निघताना शुभाने गळ्यात पडून रडारड केली, "आजोबा, तू का जाते?" तिचं मराठी असंच, सगळे पुरुष बायका आणि सगळ्या बायका पुरुष. मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, पोरीला त्या कमानीखालून नेऊ नकोस." बस. ओळंबा खुंटीलाच राहिला. मला वाटलं, विसरले.

ते गेल्यावर पहिल्याच रविवारी मी मुद्दाम कमानीखालून गेले. कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे. शुभा माझा हात सोडून गवतातून गेली. "आजोबा म्हणाली इकडून," म्हणाली. मी तिच्यावर खेकसले.

फेब्रुवारीत भेगांतलं पाणी गोठलं, वितळलं, परत गोठलं, आणि एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कमान बसली. मिसेस प्रॉसरनी स्वतः येऊन सांगितलं. त्या गवतातल्या वाटेवर होत्या, दहा पावलांवर. खालची वाट चिखलाची, म्हणून सगळे आता गवतातूनच जात होते. आमच्या दारात उभ्या राहून त्या चळचळ कापत होत्या, कुत्राही. "ही डिड से फॉलिंग, डिडन्ट ही?" त्यांनी विचारलं. "आय करेक्टेड हिम." मी त्यांना चहा केला. माझं काय ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी निदान शब्द तरी चुकीचा ऐकला होता. मी नीट ऐकून चुकीचा लिहिला होता.

त्या आठवड्यात मी मामंजींना पत्र लिहिलं. कमान पडली ते लिहिलं, आणि कौन्सिलच्या पत्रात मी काय लिहिलं होतं, काय गाळलं होतं, तेही. परत या, असंही लिहिलं. उत्तर शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात आलं:

"अनेक आशीर्वाद. कमान पडल्याचे कळले. कोणास लागले नाही हे उत्तम झाले. पत्रातली चूक मला कौन्सिलचे उत्तर वाचून तेव्हाच समजली होती. तीस वर्षे आम्ही रिपोर्ट इंग्रजीतच लिहिले. दुसरे पत्र वाटेवरच्या ओळखीच्या कोणाकडूनही लिहवून घेता आले असते. पण तुझ्या पत्रावर दुसऱ्या कोणाकडून दुरुस्ती लिहवली असती तर त्या घरात तुझा मान राहिला नसता. म्हणून उभा राहिलो. येणे आता होणार नाही. ओळंबा तुझ्यासाठीच आणला होता. शुभाला बारापुढचे पाढे घेणे."

मी ते पत्र गॅसपाशी उभी राहून वाचलं. माझा मान! जो मी त्यांचा वीस पावलं मागे राहून रोज घालवत होते.

मामंजी परत आले नाहीत. कौन्सिलने दगडांना नंबर घालून कमान पुन्हा बांधली, होती तशी, पडकी. वेलीसुद्धा लावल्या. उद्घाटनाला चहा-बिस्किटं होती. सगळे पांगल्यावर मी पिशवीतून ओळंबा काढला आणि डाव्या खांबाला लावून बघितला. दोरी स्थिर व्हायला वेळ लागला. खांब सरळ होता.

तरी शुभाला घेऊन मी गवतातूनच गेले.