लाल आणि हिरवं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही यातल्या कुणालाच ओळखत नाही — की हेही माझं एक पळणंच?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्ध्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायची. सुटी होणाऱ्या पेशंटचे कागद मराठीत निघावेत म्हणून मी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दुरुस्ती केली की काढायचे शब्द लाल होत, नवे हिरवे. टायपिस्टनं लाल तेवढं पुसायचं आणि कागद छापायचा. रंगीत मॉनिटर तेव्हा नवलाचा. लोक बघायला यायचे. मला अभिमान होता — फार.

टायपिस्ट होता सुधाकर. सेलूहून रोज एसटीनं यायचा. एकदा जेवणाच्या सुटीत, आसपास कोणी नाही असं बघून म्हणाला, "ताई, मले लाल अन् हिरवं एकसारखंच दिसते. कोणाले सांगू नका, नोकरी जाईन. काढायच्या शब्दावर आडवी रेघ मारून देता का तेवढी?"

जमत नाही, म्हणाले मी. जमत होतं. एका दुपारचं काम. पण रेघांनी माझं देखणं पान गिचमिड दिसलं असतं — एवढंच कारण. खरंच एवढंच.

मग त्यानं आपला हिशोब बसवला. "दोन शब्द जोडून दिसले का मी पहिला पुसतो. मागचा नवा राह्यते."

मी मान हलवली. आणि — कसं सांगू? — मला त्याच क्षणी कळलं होतं. नवा शब्द मागेच पडेल असं काही नव्हतं. डॉक्टरांनी जुन्याच्या आधी टाइप केलं, तर नवा पुढे येणार. कधीतरी येणारच. तरी मी डबा उघडला, जेवले. पुढे कित्येक महिने प्रिंटर कुरकुरला की मी दचकायची — आज? नाही, आज नाही.

मग हिंगणीची एक म्हातारी आली, हृदयाचं दुखणं घेऊन. तिला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तिची गोळी एकवरून अर्धी केली. 'अर्धी' पुढे पडलं, 'एक' मागे. सुधाकरनं पहिला शब्द, 'अर्धी', पुसला. म्हातारी घरी जाऊन नेमानं अख्खी गोळी घेत राहिली. परत आणली तेव्हा जीपमध्येच गेली होती.

चौकशीत सुधाकरनं आपलं गुपित सगळ्यांसमोर सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "ताईले सांगतलं होतं मी. विचारा ना त्यायले."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "मला काहीच बोलला नाही हा."

"काऊन ताई?" — एवढंच विचारलं त्यानं. त्याच दिवशी त्याला काढलं. त्याच आठवड्यात मी रेघ घातली. मोठ्या डॉक्टरांनी शाबासकी दिली. मी घेतली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर? काही दिवसांनी म्हातारीचा मुलगा आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मीच भेटले. शांत होता, नको इतका शांत. कागद कोणी टाइप केला, विचारलं त्यानं. मी नाव सांगितलं. राहतो कुठे? तेही सांगितलं — सेलू, बसस्टँडमागची गल्ली. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. मी बघितलं होतं. बघूनच सांगितलं.

सुधाकरला घरातून ओढून मारलं, बायकोसमोर. उजवा हात मोडला. बोटं पुन्हा टायपिंगजोगी झाली नाहीत. त्यानं पोलिसांत तक्रार केली नाही. पत्ता कुणी दिला हे त्याला कळलं असेल का? मला माहीत नाही. मी कधी गेले नाही. वर्ध्याहून सेलूला दिवसभर एसटी असते.