जयश्रीचे मार्क कमी पडले

भिकन बोरसे आयुष्यात कधी हळू बोलला नाही. त्याला ते येतच नव्हतं. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्याचे कान बधिर झाले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, असा त्याने परस्पर निकाल लावून टाकला होता. तो शाळेच्या फाटकातून आत आला की वरच्या मजल्यावरच्या वर्गात मुलं खुसुखुसु हसायची. जयश्रीचे वडील आले, हे सगळ्यांना कळलेलं असायचं. जयश्री मात्र कधी लाजली नाही. उठून म्हणायची, "बाई, आबा आलेत, जाऊ का?"

मी त्या शाळेत भूगोल शिकवायचे. शाळा मराठी, गाव सुरत. मी मूळची अकोल्याकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. वर्गातली बहुतेक मुलं खानदेशी माग कामगारांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत आमची पुस्तकी मराठी. इतकं सगळं बोलणाऱ्या मुलांना "तुमची भाषा अशुद्ध आहे" म्हणणारे मास्तर पाहिले की माझं डोकं फिरायचं.

भिकन लिंबायतला, माग कामगारांच्या वस्तीत राहायचा, एका खोलीत. सुरतेत येऊन त्याला वीसेक वर्षं तरी झाली असतील, पण त्याला विचारा कुठले, की छाती पुढे काढून सांगणार, "शिंदखेडा तालुका!" सुरत ही त्याच्या लेखी कामाची जागा होती. रेशन कार्ड गावाला, मतदान गावाला. निवडणूक आली की हा मागावर बदली माणूस लावून गाडीत बसलाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तर शेठने नोकरीवरून काढलं असतं तरी तो गेला असता. शेजारच्या बाया त्याच्या बायकोला, भागीरथीला, म्हणायच्या की इथलं कार्ड काढून घ्या, साखर-रॉकेल तरी मिळेल. ती बिचारी विषय काढायची आणि भिकन गल्लीला ऐकू जाईल असा गरजायचा, "गावनं नाव कापीसन आम्ही कोठला ऱ्हासूत?" गावातलं नाव कापलं तर मग आपण राहिलो कुठले, हा त्याचा सवाल.

प्लेगच्या वर्षी मात्र मला वाटलं होतं की ह्याचे डोळे उघडतील. अर्धी सुरत रिकामी झाली तेव्हा हाही बायकापोरांना घेऊन गावी पळाला. गावाने त्यांना वेशीवरच अडवलं. 'सुरतवाले' म्हणून शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. सख्खे भाऊबंद लांबूनच भाकरी ठेवून जायचे. परत आल्यावर मी मुद्दाम डिवचलं, "काय भिकनभाऊ, गावाने कसं स्वागत केलं?"

तो हसला. "बाई, जिवाची भीती कोनाले नसते? खोली तं दिली ना! इथं कोन देतं?"

काय बोलणार अशा माणसाशी? मला त्याचा राग आला आणि पुढच्याच क्षणी त्या रागाची लाज वाटली. जयश्री शेजारीच उभी होती. ती बापाच्या शर्टाला चिकटलेले सुताचे तंतू एकेक करून काढत होती.

ही पोर नकाशावर जीव टाकायची. तापी नदी काढ म्हटलं की पुस्तक न उघडता मुलताईपासून थेट सुरतेच्या खाडीपर्यंत काढायची, उपनद्यांसकट. बारावीला ती आमच्या केंद्रात पहिली आली आणि पेढे घेऊन माझ्या घरी आली. "बाई, मला भूगोलात एम. ए. करायचंय. तुमच्यासारखं शिकवायचंय." मी तिला म्हटलं, माझ्यासारखं नको, माझ्यापेक्षा चांगलं शिकव.

म्हणायला सोपं होतं. त्या एका खोलीत भागीरथी आणि धाकट्या बहिणी दिवसभर साड्यांना टिकल्या लावत बसायच्या. घरी राहून कॉलेज म्हणजे पुस्तक एका हातात आणि साडी दुसऱ्या हातात, आणि शेवटी साडीच उरणार. शिवाय काका बन्सीलाल गावाकडे एक स्थळ धरून बसला होता. भिकनने त्याला एवढंच सांगितलं होतं, पोरीला बाहेर शिकायला मिळालं तर लग्न थांबवू, नाही तर पुढच्या आखाजीला उरकू.

त्याच सुमाराला शाळेत एक परिपत्रक आलं. महाराष्ट्रातल्या एका सरकारी विद्यापीठाने (नाव घेत नाही, घेऊन आता उपयोग काय) परराज्यात राहणाऱ्या मराठी मुलांसाठी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती काढली होती. शिक्षण फुकट, वसतिगृह फुकट. मी ते वाचलं आणि वर्गात नाचायचीच बाकी राहिले. अहो, ही तर जयश्रीसाठीच काढल्यासारखी होती! भिकनला बोलावून सांगितलं तर त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हंजे पोर आपल्या महाराष्ट्रात शिकनार?" डोळे भरून आले होते त्याचे.

अर्ज मी स्वतः भरून घेतला. गुणपत्रिका आणि मुख्याध्यापकांचं पत्र, बस्स. पाकीट भिकनच्या हातात देताना बजावलं, "रजिस्टर पोस्टाने टाका. यात दुसरं काही घालायचं नाही." त्याने मान हलवली. त्याला किती ऐकू गेलं, देव जाणे.

बोलावणं आलं. कागदपत्रं तपासायला विद्यार्थ्याने स्वतः हजर राहायचं होतं. भिकनला त्या आठवड्यात बदली माणूस मिळेना, खाडा झाला तर माग दुसऱ्याच्या हाती जाणार. म्हणून मी गेले तिच्याबरोबर. भागीरथीने दशम्या बांधून दिल्या आणि लेकीच्या केसांना इतकं तेल लावलं की ते गाडीत कपाळावर ओघळत होतं. भुसावळला गाडी बदलली, पुढे माझ्या भावाकडे मुक्काम केला आणि सकाळी आम्ही विद्यापीठात हजर झालो. जयश्री इमारतीकडे मान वर करकरून बघत होती. वसतिगृह कुठलं, हे तिने शिपायाला आधीच विचारून घेतलं होतं.

टेबलामागचे अधिकारी भले गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. त्यांनी फाईल उघडली, गुण पाहिले आणि म्हणाले, "वा! यादीत हिच्या वर कुणीच नाही." मग पान उलटलं आणि थांबले. "पण ही तर महाराष्ट्राचीच रहिवासी आहे."

"छे हो," मी म्हटलं, "पाळण्यात असल्यापासून सुरतेत आहे."

त्यांनी फाईल आमच्याकडे फिरवली. मी न जोडलेला एक कागद त्यात होता. तलाठ्याचा रहिवासी दाखला. भिकन बोरसे सहकुटुंब या गावचे कायमचे रहिवासी असून कामानिमित्त तात्पुरते बाहेर असतात. जयश्रीचं नाव, गोल शिक्का, वर सरपंचाची सही.

पाकीट टाकण्याआधी भिकन गावी जाऊन आला होता. कुणाला न सांगता. महाराष्ट्राच्या विद्यापीठात अर्ज करायचा, तर पोर महाराष्ट्राचीच आहे हे नको का दाखवायला? परक्याची म्हणून डावलली तर? त्याच्या हिशेबाने त्याने तिच्या अर्जाला सगळ्यात भक्कम कागद जोडला होता.

मी भांडले. खूप भांडले. शेवटी ते म्हणाले, "हा दाखला नसता तर शाळेचं पत्र पुरलं असतं. आता सुरतेत राहत असल्याचा काही सरकारी पुरावा आणा, मी वर शब्द टाकतो. तिथलं रेशन कार्ड?"

रेशन कार्ड! खोली भाड्याची, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, मतदार यादीत नाव गावाला. वीस वर्षं ज्या शहराचं कापड विणलं, तिथे हा माणूस राहतो असं सांगणारा एक चिटोरा त्याच्याकडे नव्हता. "मग इथल्या मुलांची शिष्यवृत्ती द्या," मी म्हटलं. "इथलीच आहे म्हणता ना?"

"ती इथल्या बोर्डातून पास झालेल्यांना असते, बाई. ही गुजरात बोर्डाची."

जयश्रीने हळूच विचारलं, "सर, हा एक कागद काढून टाकता येणार नाही का?" त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. नोंद झाली होती. त्यांनी आम्हाला चहा मागवला. तो आम्ही प्यायलो, हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

परतीच्या गाडीत मी भिकनवर आग पाखडत होते. येऊ दे समोर, म्हटलं, बहिऱ्या कानात ओरडून सांगते काय करून बसलात ते. जयश्री खिडकीशी होती. शिंदखेड्याला गाडी थांबली आणि तिथल्या बाया टोपल्या घेऊन चढल्या, अहिराणीत भांडत, हसत. गाडी हलल्यावर जयश्री म्हणाली, "बाई, आबांना हे सांगू नका."

"मग काय सांगू?"

"मार्क कमी पडले म्हणा."

"तुझे? अगं, यादीत तुझ्या वर कोणी नव्हतं!"

"सुरतेत त्यांचं काही नाही, बाई. गाव आहे, एवढ्यावर ते उभे आहेत. त्या गावाच्या कागदानेच माझं गेलं हे कळलं तर ते कशाच्या जोरावर जगतील?" मग तिचा आवाज फाटला. "मला खूप शिकायचं होतं हो बाई." ती माझ्या मांडीत डोकं घालून रडली. मीही रडले. समोरची टोपलीवाली बाई विचारत राहिली, कोण गेलं, कोण गेलं.

लिंबायतला पोचलो तेव्हा भिकन पाळी संपवून दारातच उभा होता, केसांत सुताची पांढरी धूळ. जयश्रीने पायातल्या चपला काढता काढताच सांगितलं, "आबा, थोडे मार्क कमी पडले."

त्याचा चेहरा उतरला. आत भागीरथीच्या हातातली टिकल्यांची वाटी तशीच राहिली. मग त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या त्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "जाऊ दे पोरी. आनखी थोडा अभ्यास करती तं व्हई जातं."

"हो आबा," ती म्हणाली.

गल्लीतली लोकं दारात येऊन बघत होती. आमच्या केंद्रात पहिली आलेली मुलगी मान खाली घालून उभी होती आणि मी, एरवी कुणाचंही तोंड बंद करणारी बाई, गप्प होते. गाडीतच जयश्रीला शब्द दिला होता.

पुढच्या आखाजीला बन्सीलालने आणलेल्या मुलाशीच जयश्रीचं लग्न लागलं. मी गावी गेले होते. भिकनने मला मांडवभर फिरवलं, पाव्हण्यांच्या ओळखी करून दिल्या. माग नव्हते, खडखडाट नव्हता, तरी त्याचा आवाज तसाच होता. "ह्या जयश्रीच्या बाई! आपल्याकडच्या विद्यापीठात घेऊन गेल्या व्हत्या पोरीले. पोर हुशार, पन काय करता? सुरतना अभ्यास तो! आपल्या महाराष्ट्रात अभ्यास लई कडक. तठे थोडी कमी पडनी." हे सांगताना त्याला दुःख होतं, पण त्याहून जास्त अभिमान होता, महाराष्ट्राचा. मग तो माझ्याकडे वळला. "कडक असतो ना बाई?"

हळद लागलेली जयश्री पाटावर बसून माझ्याकडे बघत होती.

"हो भिकनभाऊ," मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "फार कडक असतो."